केलेला आणि जन्मलेला

गेल्या हिवाळ्यात देवासला एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता जगातले धर्म आणि त्यांचा उगम. वक्ते चांगले वाचलेले होते, भाषा स्वच्छ होती. समोरची मंडळी बहुतेक आमच्यासारखीच, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-माळवी बोलणारी. ख्रिस्ती धर्माची पाळी आली तेव्हा वक्त्यांनी त्याचा निकाल एका वाक्यात लावला. इ. स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने नायसिया गावी बिशपांची सभा भरवली, मतदान घेतले आणि येशू नावाच्या एका सज्जन उपदेशकाला देव केले. तोवर त्याला कोणी देव मानत नव्हते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढचा धर्म सुरू झाला.

२०२५ मध्ये नायसियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आपल्याकडे जे थोडेफार कानावर आले आणि मोबाइलवर फिरले, त्यातही हेच वाक्य होते. ते कुठून आले हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ मध्ये आली. तिच्यातले एक विद्वान पात्र हे मत मोठ्या आत्मविश्वासाने सांगते. कादंबरीतल्या पात्राचे बोलणे वीस वर्षांत आपल्याकडे इतिहास होऊन बसले.

मी ख्रिस्ती नाही, आणि होण्याचा विचारही कधी केलेला नाही. तरी हे वाक्य मला सहन होत नाही. एखादा धर्म स्वीकारावा की नाकारावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण नाकारायचाच असेल तर तो जे म्हणतो ते नाकारावे. जे तो म्हणतच नाही ते त्याच्या गळ्यात बांधून मग ते नाकारण्यात कसली विद्वत्ता आहे?

आणि हे आपल्या माळव्यात व्हावे याचे अधिक वाईट वाटते. देवासहून आष्ट्यामार्गे भोपाळकडे निघाले की वाटेत सिहोर लागते. १८३०च्या दशकात तिथे सुबाजी बापू नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. भोपाळचे पोलिटिकल एजंट लान्सलट विल्किन्सन यांच्या आश्रयाने चालणाऱ्या पाठशाळेशी त्यांचा संबंध होता. ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे मराठी पुस्तक त्यांनी १८३६ मध्ये लिहिले. पुराणातला भूगोल बाजूला ठेवून आपल्याच सिद्धान्तग्रंथांच्या आधारे नवे ज्योतिष समजून घ्यावे, असा त्याचा रोख आहे. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांचा ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ निघाला, ख्रिस्ती मत श्रेष्ठ आहे असे सांगणारा. त्याच वर्षी त्याला ‘मतपरीक्षाशिक्षा’ हे उत्तर आले. ग्रंथावर नाव सोमनाथ असे असले तरी हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे अभ्यासक मानतात. ज्याचा जसा अधिकार तसा त्याला मार्ग, देवानेच मार्ग अनेक ठेवले आहेत, हा त्यांचा मुद्दा. पुढे १८४४ च्या सुमारास काशीतल्या नीलकंठशास्त्री गोरे या कोकणस्थ तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूरसाहेबांना अधिक कठोर उत्तर दिले. आणि हेच गोरे १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. या दोघांचे निष्कर्ष पुढे वेगवेगळ्या दिशांना गेले, पण दोघांनीही समोरच्याचा ग्रंथ उघडला होता, त्यातला शब्द पकडला होता आणि त्या शब्दाशी झुंज घेतली होती. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण त्यांच्या मागे गेलो आहोत.

आता त्या वाक्याकडे वळतो.

नायसिया हे गाव बिथिनिया प्रांतातले, आजच्या तुर्कस्तानातले इझ्निक. याच प्रांताचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास ट्रेजन बादशहाला एक पत्र पाठवले. ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्या लोकांचे काय करायचे, असा त्याला प्रश्न पडला होता. चौकशीत त्याला जे कळले ते त्याने लिहिले आहे. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट होण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याचे स्तोत्र म्हणतात. प्लिनी त्यांचा मित्र नव्हता. न ऐकणाऱ्यांना त्याने मारले होते. त्याने खोटी साक्ष द्यावी असे काहीही कारण नाही. ज्या प्रांतात पुढे परिषद भरली, त्याच प्रांतातला हा सरकारी कागद परिषदेच्या सुमारे दोनशे वर्षे आधीचा आहे. या एका कागदावर ते वाक्य कोसळते.

पण इथेच थांबायचे कारण नाही, कारण प्लिनीच्याही मागे जाता येते. येशूला क्रूसावर दिले ते इ. स. ३० च्या आसपास, पंतय पिलात हा यहूदियाचा सुभेदार असताना. प्रेषित पौलाची पत्रे ५०च्या दशकातली, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस वर्षांनंतरची; बायबलाच्या नव्या करारातली सर्वांत जुनी लेखने हीच. करिंथ शहरातल्या ग्रीक बोलणाऱ्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल अचानक एक अरामी शब्द घालतो : मारानाथा. आमच्या प्रभू, ये, असा त्याचा अर्थ. ग्रीक पत्रात हा शब्द भाषांतर न करता का राहिला? कारण तो पौलाचा नव्हताच. येशूची स्वतःची भाषा बोलणाऱ्या पहिल्या शिष्यांच्या प्रार्थनेतून तो उचलून आणला होता, जसे आपण मराठीत बोलता बोलता ‘तथास्तु’ म्हणतो. आणि पौल येशूला ज्या शब्दाने सतत हाक मारतो, तो ग्रीक ‘क्युरिओस’, मराठी बायबलातला ‘प्रभू’, हाच शब्द यहुदी लोकांच्या ग्रीक शास्त्रात खुद्द परमेश्वराच्या नावाच्या जागी वापरलेला आहे. एक देव मानणाऱ्या, मूर्तीकडे पाहणेही पाप समजणाऱ्या यहुदी समाजातल्या माणसांनी, सुळावर गेलेल्या आपल्यातल्याच एका सुताराला हा शब्द लावला. यातले आश्चर्य मोठे आहे. ते कुठल्याही बादशहाला उभे करता आले नसते, कारण बादशहांनी तर पुढे या लोकांना मारले.

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर एका भिंतीवर कोरलेले चित्र सापडले आहे, साधारण इ. स. २०० च्या सुमाराचे. गाढवाचे तोंड असलेला माणूस क्रूसावर आहे, खाली एक जण हात उंचावून उभा आहे, आणि लिहिले आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. कोणीतरी टवाळी म्हणून ते कोरले. टवाळखोरांनाही ठाऊक होते की हे लोक त्या क्रूसावरच्या माणसाला देव म्हणतात.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पहिल्या काळात चर्चला ज्या मतांशी भांडावे लागले, त्यांत फार लवकर पुढे आलेले मत येशू निव्वळ माणूस होता हे नव्हते. तसे मानणारे एबियोनी होते, नाही असे नाही. पण इ. स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस, रोमकडे मरायला नेला जात असताना, ज्यांच्याविरुद्ध पोटतिडकीने लिहितो, ते उलटे म्हणत होते. येशू इतका देव होता की त्याला खरा देह असूच शकत नाही, त्याचे खाणे-पिणे, रडणे, मरणे सगळा भास, असे त्यांचे मत. म्हणजे तिथे झगडा त्याचे माणूसपण टिकवण्यासाठी होता. देवपण कोणी मागाहून चिकटवले असते तर हा झगडा या क्रमाने झाला असता का?

मग नायसियात काय झाले? अडीचशे ते तीनशे बिशप जमले. परंपरा ३१८ सांगते. बादशहाने सभा बोलावली, प्रवासाचा खर्च केला, सभेत तो बसला, न मानणाऱ्यांना त्याने हद्दपार केले. हे सगळे खरे आहे आणि ते मी लपवू इच्छित नाही. राजसत्तेचा हात धर्मसभेच्या पाठीवर पडला तो तिथून, आणि त्याचे परिणाम चर्चने पुढे शतकानुशतके भोगले, इतरांनाही भोगायला लावले. पण येशू देव की माणूस असा प्रश्न तिथे कोणी मतास टाकलेला नव्हता. ईस्टर कधी पाळायचा हा एक विषय होता, इजिप्तमधल्या एका फुटीचा दुसरा. आणि मुख्य वाद होता अलेक्झांड्रियाच्या आरियस या धर्मगुरूचा. आरियससुद्धा येशूला साधा माणूस म्हणत नव्हता. त्याच्या मते पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, त्याच्याचद्वारे जग निर्माण झालेले, पूजेला पात्र. मात्र पित्याने त्याला निर्माण केले, आणि म्हणून त्यालाही आरंभ आहे. शेवटी सही न करणारे बिशप उरले दोन, लिबियाचे थिओनास आणि सेकुंदस. याला अटीतटीचे मतदान म्हणत नाहीत. नव्या करारात कोणती पुस्तके घ्यायची हेही तिथे ठरले नाही. आजची सत्तावीस पुस्तके नेमकी ज्या यादीत प्रथम दिसतात ती बिशप ॲथनेशियसची यादी ३६७ मधली आहे. ख्रिस्ती धर्म राजधर्मही तिथे झाला नाही. ३१३ मध्ये मोकळीक मिळाली होती, राजधर्म तो झाला ३८० मध्ये, थिओडोसियसच्या फर्मानाने.

आणि बादशहाने ठरवले ते टिकले, असे म्हणणाऱ्यांनी पुढची पन्नास वर्षे वाचावीत. कॉन्स्टंटाइनने काही वर्षांतच आरियसला परत बोलावले. परिषदेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ॲथनेशियसला त्यानेच ३३५ मध्ये दूर त्रिएरला पाठवले. ३३७ मध्ये मरणशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तो निकोमेडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे आरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघडपणे नायसियाच्या शब्दाविरुद्ध उभा राहिला. ॲथनेशियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. जवळजवळ अर्धे शतक राजसत्तेचा जोर बहुतेक वेळा त्या शब्दाच्या विरोधात होता, आणि शब्द मात्र ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पुन्हा उभा राहिला. राजाज्ञेने देव होतो हे सिद्ध करायला यापेक्षा वाईट उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

बार्ट एरमन यांच्यासारखे अमेरिकन अभ्यासक म्हणतात की पहिल्या शिष्यांची समजूत पायरीपायरीने चढत गेली. आधी पुनरुत्थानाच्या वेळी देवाने त्याला उच्च पदी बसवले असे ते मानत, मग बाप्तिस्म्याच्या वेळी, मग जन्मापासून, मग जन्माच्याही आधीपासून. हा गंभीर विचार आहे आणि त्याला काही वचनांचा आधारही आहे. मला तो पुरता पटत नाही, एवढेच. पण एरमनसुद्धा नायसियातल्या मतदानाची ती गोष्ट खोटी ठरवतात. बाकी येशू हिंदुस्थानात येऊन गेला हे नोटोविच नावाच्या लेखकाने १८९४ मध्ये पसरवलेले कथानक आहे, इतिहास नाही. येशू झालाच नाही हे मत टॅसिटससारख्या रोमन इतिहासकारासमोर टिकत नाही. आणि सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे कोणताही धर्म नीट न वाचल्याचे लक्षण आहे.

मला खरे बोलायचे आहे ते त्या वाक्यातल्या एका क्रियापदाबद्दल. ‘देव केले’. मराठीत आपण हे सहज म्हणतो. माणसाला देव करू नका, म्हणतो. अमक्याला लोकांनी देव केला, म्हणतो. आणि नायसियाची परिषद नेमकी याच क्रियापदासाठी भरली होती. पुत्राच्या बाबतीत ‘करणे’ चालेल की नाही, हाच तर वाद होता. आरियस म्हणत होता, चालेल. परिषदेने आपल्या विश्वासवचनात दोन क्रियापदे शेजारी-शेजारी ठेवली, जन्मणे आणि केले जाणे. पहिले स्वीकारले आणि दुसरे स्पष्ट शब्दांत नाकारले. देवाला ‘केला’ असे म्हणता येणार नाही, हा ज्या सभेचा निर्णय, त्या सभेच्या नावावर आपण ‘देव केला’ हे वाक्य खपवतो आहोत.

हा भेद शब्दच्छल नाही. सुतार खुर्ची करतो. खुर्ची सुताराच्या जातीची नसते. सुताराला मूल होते. ते त्याच्याच जातीचे असते, माणसाचे मूल माणूसच. केलेल्या वस्तूत आणि करणाऱ्यात अंतर राहते, जन्म देणाऱ्यात आणि जन्मलेल्यात तत्त्व एक राहते. परिषदेने यासाठी ग्रीक शब्द वापरला ‘होमोऊसिओस’, एकतत्त्व. तो बायबलात नाही म्हणून अनेक बिशप कचरत होते. पुढे काहींनी तडजोडीसाठी ‘होमोइऊसिओस’, म्हणजे सारख्या तत्त्वाचा, असा शब्द सुचवला. ग्रीकमध्ये दोन्हीत एका ‘इ’चा फरक. एवढ्यासाठी भांडायचे का, असे विचारणारे तेव्हाही होते. ज्याला आपल्या भाषेत एका वेलांटीने दिन आणि दीन यांचा अर्थ बदलतो हे माहीत आहे, त्याने तरी ते विचारू नये. अर्थात ख्रिस्ती माणूस लगेच सांगेल की हा जन्म देहाचा नाही आणि काळातलाही नाही, सूर्यापासून प्रकाश निघावा तसा तो आहे, सूर्य आधी आणि प्रकाश नंतर असे तिथे नसते. ते मला समजते. पूर्ण समजते असे म्हणणार नाही.

माळव्यातल्या मराठी माणसाला मात्र या भेदाची एक बाजू जगातल्या इतर कोणाहूनही आधी समजायला हवी. केलेला आणि जन्मलेला यांच्यामध्ये आपल्याकडे तिसरा एक शब्द आहे : दत्तक. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची राज्ये अनेकदा दत्तकांनीच चालवली. धारला आनंदराव पवारांच्या मागे मैनाबाईंनी राज्य सांभाळले, आपला लहानगा मुलगा गेल्यावर बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला आणि गादी वाचवली. १८९८ मध्ये उदाजीराव गादीवर आले ते दत्तकच. देवासच्या थोरल्या पातीत तिसरे तुकोजीराव १८९९ मध्ये आले, तेही दत्तक. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर ज्यांच्याकडे खासगी चिटणीस म्हणून राहिला ते हेच महाराज. दत्तक नामंजूर म्हणून डलहौसीने १८४८ मध्ये सातारा घेतला, १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर. आणि १८६२ मध्ये कॅनिंगने दत्तकाच्या सनदा दिल्या तेव्हा संस्थानिकांचा जीव भांड्यात पडला. औरस की दत्तक या एका शब्दावर राज्ये गेली आणि आली, हे आमच्या आजोबांच्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. माझे आजोबा स्वतः सातव्या वर्षी भाऊबंदांत दत्तक गेले. जन्मदात्या आईला त्यांनी नंतर मरेपर्यंत ‘काकू’ म्हणून हाक मारली.

ख्रिस्ती इतिहासात हाच प्रश्न उभा राहिला होता. इ. स. १९० च्या सुमारास रोममध्ये बायझँटियमहून आलेला थिओडोटस नावाचा कातडे कमावणारा एक माणूस शिकवू लागला की येशू माणूसच होता, देवाने त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी आपला पुत्र म्हणून घेतला. पुढे अंत्युखियाचा बिशप समोसाटाचा पौल याच्यावर असेच काहीसे शिकवतो असा ठपका आला आणि २६८ मध्ये त्याला काढून टाकले. आपल्या शब्दांत, हे लोक येशूला देवाचा दत्तक पुत्र म्हणत होते. चर्चने ते नाकारले. का नाकारले? दत्तक हलका म्हणून? तसे असते तर मी या लेखाच्या वाटेला गेलो नसतो.

रोमन जगात दत्तक हा फार मोठा शब्द होता. ज्युलियस सीझरने ऑक्टेव्हियनला मृत्युपत्राने दत्तक घेतले. इ. स. पू. ४२ मध्ये सिनेटने सीझरला देव ठरवले, आणि ऑक्टेव्हियन, पुढचा ऑगस्टस, आपल्या नाण्यांवर ‘देवाचा पुत्र’ म्हणवू लागला. ऑगस्टसने टायबेरियसला दत्तक घेतले, आणि इ. स. १४ मध्ये ऑगस्टस मेल्यावर सिनेटने त्यालाही देव केले. येशू ज्या काळात गालीलात फिरत होता, त्या काळात सगळ्या साम्राज्यात जो ‘देवपुत्र’ होता, तो दत्तक होता, आणि त्याचा बाप ठराव करून केलेला देव होता. मतदानाने देव करण्याची गोष्ट खरी आहे. ती रोमच्या सिनेटमध्ये घडली, आणि तसल्या देवासमोर चिमूटभर धूप टाकायला नकार दिला म्हणूनच ख्रिस्ती माणसे मारली गेली. प्लिनी त्याच्यासमोर आणलेल्यांची हीच परीक्षा घेत होता : बादशहाच्या प्रतिमेला धूप दाखवा. ज्यांनी केलेला देव नाकारण्यासाठी जीव दिला, त्यांच्याच वारसांवर आपण आज देव केल्याचा आरोप ठेवतो आहोत. याहून उलटा न्याय कोणता?

कोणी म्हणेल, आपल्याकडे ‘अवतार’ आहे, तो शब्द पुरे. मला तो पुरत नाही. अवतार उतरतो, काम संपले की जातो, पुन्हा येतो. ख्रिस्ती विश्वास म्हणतो की हे एकदाच झाले आणि तो देह पुन्हा टाकला गेला नाही. ‘स्वयंभू’ तर आणखीच दूर, कारण पुत्राला पिता आहे. देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत आणि भाविक त्यांना स्वयंभू मानतात. त्यांच्या भक्तीला यातून काही उणेपणा येत नाही. शब्द मात्र वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. देवाच्या बाबतीत मराठीने जो शब्द अजून पुरता वापरला नाही, तो ‘औरस’. शास्त्री मंडळींना तो कचेरीतला वाटेल. मला तो नायसियाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

कारण औरस म्हटले की मग दत्तकाचीही जागा सापडते, आणि ती जागा रिकामी नाही. प्रेषित पौल रोम आणि गलतियाच्या लोकांना लिहितो तेव्हा त्यांच्यासाठी एक कायदेशीर ग्रीक शब्द वापरतो. मराठी बायबलात त्याला ‘दत्तकपण’ म्हटले आहे. त्याच्यापुढे कोण होते? गुलाम होते, सुटलेले गुलाम होते, बायका होत्या, ज्यांना रोमन घराण्यांनी सहसा वारस म्हणून मांडीवर घेतले नसते. आपल्याकडेही मुलगी दत्तक घेण्याचा हक्क कायद्याने आला तो १९५६ मध्ये. पौल या सगळ्यांना देवाची दत्तक मुले म्हणतो आणि पुढे त्याहून मोठी गोष्ट सांगतो : ती ख्रिस्ताबरोबरचे सहवारस आहेत. आपल्या जुन्या शास्त्रात दत्तक घेतल्यावर औरस जन्मला तर दत्तकाचा वाटा घटतो. कितीतरी घरे त्यावरून फुटली. पौलाच्या हिशेबात औरसामुळे दत्तकाचा वाटा भरतो. पुत्र खरोखर औरस असेल तरच त्याच्याबरोबर वाटेकरी होण्याला अर्थ आहे. तोही दत्तकच असेल, किंवा केलेलाच असेल, तर ज्याला स्वतःचे घर नाही तो दुसऱ्यांना घरात कसा नेणार? ॲथनेशियस पाच हद्दपाऱ्या सोसून ज्यासाठी भांडला ते, माझ्या समजुतीप्रमाणे, हेच.

धारमध्ये हे शब्द कोरडे राहिले नाहीत. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केले आणि १८९०च्या दशकात ते धारपर्यंत आले, डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तिथे बायकांसाठी दवाखाना चालवला. मग विक्रम संवत १९५६ चा, १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ आला. माळव्यात आणि भिल्लांच्या डोंगरांत माणसे रस्त्यावर मेली, आणि मध्य भारतातल्या मिशनने आईबाप गेलेली शेकडो मुले सांभाळली. त्या मुलांना अन्न देऊन बाटवले, असे म्हणणारे आजही आहेत. उपाशी मूल समोर असताना यांनी काय केले असते ते त्यांनी सांगावे. उदाजीराव धारच्या गादीवर दत्तक बसले त्याच्या पुढच्याच वर्षी ही मुले मिशनच्या आवारांत आली. एका दत्तकाची सनद दप्तरात आहे. दुसऱ्या मुलांपैकी अनेकांच्या आईबापांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती, आणि त्यांना जी प्रार्थना शिकवली गेली तिच्यात देवाला बाप म्हणून हाक मारलेली होती.

देवासच्या त्या वक्त्यांना मी व्याख्यानानंतर भेटलो. प्लिनीच्या पत्राविषयी सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि वहीत टिपून घेतले. त्यांना आणि हे वाक्य वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : येशू देव नव्हता असे तुमचे मत असेल तर ते जरूर मांडा, सुबाजी बापूंसारखे उभे राहून मांडा. पण नायसियाचे नाव घ्याल तेव्हा ‘केला’ हे क्रियापद वापरू नका. तिथे जमलेल्यांनी नेमके तेच नाकारले होते.